गाडीसकट सहल: अमळनेरच्या एका कुटुंबाचं शिर्डी प्रकरण

“वॉटर पार्क, नाश्ता, जेवण, सगळं गाडीसकट. दिवसभर गाडी आपलीच.” धुळ्याच्या एका सहलवाल्याने मे महिन्यात व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या जाहिरातीतली ही ओळ. पुढे जे घडलं त्याचा सगळा निवाडा शेवटी या ओळीवर झाला.

अमळनेरात ग्राहकांना अर्ज आणि तक्रारी लिहून देण्याचं काम मी करते. त्या कुटुंबातली मधली सून सगळे कागद, फोटो आणि मेसेज एका पिशवीत घालून माझ्याकडे आली. त्यांच्या परवानगीने, नावं गाळून हे लिहिते आहे. सहलवाल्याचंही नाव देत नाही, कारण पुढे त्याने पैसे भरले आणि प्रकरण मिटलं. पण उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत खान्देशातली शेकडो कुटुंबं अशीच गाडीसकट सहल ठरवतात. त्यांना यातून उपयोग व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

कुटुंब आणि ठिकाणाची निवड

एकूण सोळा माणसं. बहात्तर वर्षांच्या नानी, त्यांचे तीन मुलगे, तीन सुना आणि नातवंडं, काही मोठी, पाच लहान. थोरल्यांना घरात सगळे जिभाऊ म्हणतात, ते शेती बघतात. मधल्याचं गावातच दुकान आहे. धाकटा सुरतला उधन्याच्या बाजूला एका कापड कारखान्यात आहे. सुट्टीत तो बायको-पोरांसह गावी आला की वर्षातून एकदा सगळं घर एकत्र जमतं. खान्देशातल्या कित्येक घरांची हीच कथा आहे: अर्धं घर तापीकाठी, अर्धं सुरतेत आणि मधे ताप्ती लाइनची रेल्वे. म्हणून ही सहल म्हणजे नुसती मौज नव्हती. सगळ्यांनी एक दिवस एका ठिकाणी असण्याची ती एकच संधी होती.

मुलांना खोपोलीचं इमॅजिका हवं होतं. २०१३ साली ते सुरू झाल्यापासून आपल्याकडच्या प्रत्येक शाळेत त्याचं नाव निघतं. जिभाऊंना गोराईच्या एस्सेलवर्ल्डची आठवण होती, पण ते आता बंद आहे. खोपोली अमळनेरहून चारशे किलोमीटरच्या आसपास. “एक दिवसाची सहल” असं जाहिरातीत लिहिलं तरी तिथे जायचं म्हणजे पहिली रात्र गाडीत, दिवस पार्कात आणि दुसरी रात्र पुन्हा गाडीत. नानींना बीपी आणि साखर दोन्ही आहे. मधल्या सुनेने हा बेत पहिल्याच बैठकीत हाणून पाडला. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता. दोन रात्रींच्या प्रवासाला एक दिवस म्हणणाऱ्या जाहिरातींवर कोणीही विश्वास ठेवू नये.

मग शिर्डी ठरली. तिथे वॉटर पार्क आहे, साई तीर्थ नावाचं भक्तीच्या विषयावरचं थीम पार्कही आहे. शिवाय नानींना समाधीचं दर्शन होणार होतं. अमळनेरहून धुळे, मालेगाव, मनमाड, येवला, कोपरगाव असं साधारण १९० किलोमीटर. पहाटे निघालं तर संध्याकाळी परत निघून रात्री घरी. सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर, मोठ्यांना माणशी १,८००, लहानांना १,५००. अकरा मोठे आणि पाच लहान मिळून २७,३०० रुपये. दहा हजार आगाऊ दिले आणि बाकीचे निघण्याच्या आदल्या दिवशी फोनवरून पाठवले. म्हणजे गाडी दारात येण्याआधीच पूर्ण पैसे सहलवाल्याकडे गेले होते.

नानींनी सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, “मी काय पानीमा उडी मारनार शे का? मी गाडीमा बठी ऱ्हासू.” मुलांनी पाण्यात खेळायचं, नानींनी दुपारपर्यंत गाडीत पाय पसरून पडायचं, मग थोरल्या सुनेबरोबर दर्शनाला जायचं. गाडी पार्किंगमध्ये उभी राहणार हे गृहीत धरूनच हा बेत आखलेला होता. त्यात काहीच चुकीचं नव्हतं. जाहिरातीत तसंच लिहिलं होतं.

सकाळचा प्रवास

शनिवारी पहाटे पावणेपाचला गाडी दारात आली. सव्वापाचला निघाली. सामानात दशम्या, तिखट पुऱ्या, लसणाची चटणी, कैऱ्या, मुलांचे कोरडे कपडे आणि नानींची औषधांची पिशवी. गाडी सुटताना धाकट्याने मोबाइलवर गाडीच्या मीटरचा फोटो काढला. सुरतेत गाड्या किलोमीटरवर ठरवायची सवय, म्हणून हात आपोआप तिकडे गेला. इथे रक्कम आधीच ठरलेली होती, त्यामुळे त्या फोटोची गरज नव्हती. तरी पार्काच्या दारात उतरतानाही त्याने एक काढला.

नानींना गाडी लागते, म्हणून त्या पुढच्या सीटवर आणि त्यांच्याशेजारी मधली सून. त्यामुळे चालक काय करतो हे तिला जवळून दिसत होतं. साक्री तालुक्यातला पंचविशीतला मुलगा. आत एसी चालू असताना त्याने आपल्या बाजूची काच खाली केलेली होती. लळिंगचा घाट ओलांडेपर्यंत त्याने दोनदा बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं. डाव्या हाताने तो मधूनमधून स्वतःच्या मांडीला चिमटा काढत होता. मालेगावला चहाला थांबल्यावर तिने विचारलं तेव्हा कळलं की आदल्या दिवशी त्याने नाशिकला लग्नाचं वऱ्हाड नेलं होतं. रात्री दीडला तो धुळ्यात परतला, गाडी धुतली, सीटवरच तासभर डोळा लावला आणि पावणेचारला अमळनेरकडे निघाला.

मालेगाव ते मनमाड आणि तिथून येवल्यापर्यंत ती त्याच्याशी बोलत राहिली. गावाकडे किती बिघे आहेत, लग्न झालं का, आई काय करते. मे महिन्यात त्या रस्त्यावर उन्हाळ कांद्याने गच्च भरलेले पिकअप आणि ट्रॅक्टर एकामागे एक चाललेले असतात. त्यांना ओलांडताना तिचा जीव वर-खाली होत होता, असं तिने मला सांगितलं. पावणेअकराला गाडी पार्काच्या दारात पोचली, म्हणजे चहा-नाश्ता धरून साडेपाच तास लागले. उतरताना तिने चालकाला बजावलं, “भाऊ, आता जेवून सावलीत गाडी लाव आणि पाचपर्यंत झोप. आम्हाला काहीच घाई नाही.” तो हो म्हणाला. पण पुढे काय करायचं हे त्याच्या हातात नव्हतंच.

गाडी गेली कुठे

पार्कातल्या वेळेबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे सगळं ठीक झालं. अशा ठिकाणी पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचाच पोशाख लागतो. तो ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी भाड्याने घेतला. सगळ्यात धाकटं नातवंड उंचीच्या पट्टीला लागलं नाही, म्हणून मोठ्या घसरगुंड्यांऐवजी ते उथळ तळ्यातच रमलं. धाकटी सून लाटांच्या तळ्यातून बाहेरच यायला तयार नव्हती. पोरं खूश होती.

बाहेर मात्र निराळंच चाललं होतं. नानी आणि थोरली सून तिकीट खिडकीजवळ थोडं बसून सव्वाअकराला पार्किंगकडे गेल्या तर गाडी नव्हती. चालकाचा फोन आधी लागेना. लागला तेव्हा तो राहुरीच्या अलीकडे होता. सहलवाल्याने गाडी शनिशिंगणापूरच्या फेरीला पाठवली होती. शिर्डीत लॉजवर थांबलेले तेरा भाविक, माणशी तीनशे रुपये, जाऊन-येऊन. कुटुंब पार्कात असेपर्यंत गाडी रिकामी का ठेवायची, असा त्याचा हिशोब.

नानींची औषधांची पिशवी सीटवरच्या रॅकमध्ये होती. दुपारच्या जेवणाआधीची साखरेची गोळी त्यातच. दशम्यांचा डबा, मुलांचे कोरडे कपडे, दोन मोबाइलचे चार्जर, सगळं शिंगणापूरला गेलं. मेच्या उन्हात बहात्तर वर्षांच्या बाई पार्काबाहेरच्या पत्र्याच्या शेडखाली बसून राहिल्या. थोरल्या सुनेने आत निरोप धाडला. मधली सून ओल्या अंगाने बाहेर आली. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये होता, त्यावरून जवळच्या मेडिकलमधून गोळ्या आणल्या. नानींना रिक्षाने दर्शनाला नेलं. शनिवारची गर्दी, रांग लांब. तेवढं दर्शन मात्र झालं.

मोबाइलमध्ये चिठ्ठीचा फोटो नसता तर काय झालं असतं, याचा विचार करून मला आजही राग येतो. गाडी म्हणजे नुसती ने-आण करणारी वस्तू नाही. घराबाहेर पडलेल्या कुटुंबाला दिवसभर तीच घरासारखी असते. तिथे औषध असतं, डबा असतो, थकलेल्या माणसाला टेकायला जागा असते. ती परस्पर दुसऱ्याला देण्याचा अधिकार सहलवाल्याला कोणी दिला?

रात्री निघायचं की नाही

साडेपाचला सगळे बाहेर आले. मुलांचे केस ओले, पोटात भूक. गाडी आली सात वाजून दहा मिनिटांनी. शिंगणापूरला शनिवारी जी गर्दी उसळते त्यात ती अडकली होती. धाकट्याने पुन्हा मीटरचा फोटो काढला. सकाळी पार्काच्या दारातला आकडा १,१२,४१८. आताचा १,१२,५६३. पार्किंगमध्ये उभी असायला हवी होती ती गाडी १४५ किलोमीटर फिरून आली होती.

चालक खाली उतरला आणि चाकाला पाठ टेकून जमिनीवरच बसला. नानींनी पाणी दिलं. तो म्हणाला, “नानी, मी कालपाईन जपेल नई.” म्हणजे कालपासून झोपलेलो नाही.

मधली सून गाडीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, आज रात्री या गाडीत माझी लेकरं बसणार नाहीत. इथे घरातच वाद झाला, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. धाकट्याची सकाळची सुरतची गाडी होती, सोमवारी कामावर हजेरी. जिभाऊंना मुक्कामाच्या खर्चाची काळजी, शिवाय त्यांच्या मते दोन-चार तासांचा तर प्रश्न होता. ते म्हणाले, मी पुढे बसतो, त्याच्याशी बोलत राहतो. त्यावर ती म्हणाली, “जिभाऊ, सकाळी मी तेच केलं. तेव्हा उजेड होता.”

सहलवाल्याला फोन लावला. त्याचं पहिलं उत्तर: आमची पोरं रोज अशीच चालवतात, काही होत नाही. दुसरं: सहा तास गाडी उभी करून काय लोणचं घालू का? तिसऱ्या फोनला आवाज जरा उतरला. पण धुळ्याहून दुसरा चालक पाठवायचा तर तो शिर्डीला पोचेपर्यंत मध्यरात्र उलटली असती. पुढचा प्रवास मग पहाटे.

निकाल नानींनी लावला. त्या चालकाकडे वळून म्हणाल्या, “तू आते जपी जा, पोऱ्या. घर काय पयी जाई ऱ्हायनं?” म्हणजे, तू आता झोप, घर काय पळून चाललंय? त्यानंतर कोणी काही बोललं नाही. एका साध्या लॉजवर तीन खोल्या घेतल्या, माणसं दाटीवाटीने झोपली. चालकाला गाडीत झोपू द्यायचं नाही, खोलीत पलंग द्यायचा, हा नानींचा हट्ट होता. त्याने दशम्या खाल्ल्या आणि आठच्या सुमाराला तो आडवा झाला. सकाळी सहापर्यंत त्याने कूस बदलली नाही, असं बरोबर झोपलेल्या नातवाने सांगितलं. रविवारी सात वाजता निघून बाराला सगळे अमळनेरात. धाकट्याची सकाळची गाडी चुकली. तो दुपारच्या गाडीने गेला.

हिशोब

माझ्याकडे प्रकरण आल्यावर मी आधी चालकाचा दिवस कागदावर मांडला. पहाटे पावणेचारला तो धुळ्याहून निघाला. रात्री साडेसातला शिर्डीहून निघाला असता तर अमळनेरात पाऊण वाजता आणि माणसं उतरवून धुळ्यात पावणेदोनला पोचला असता. म्हणजे सलग बावीस तास कामावर आणि त्यातले सोळाच्या आसपास तास स्टिअरिंगवर. अंतर सहाशे किलोमीटर. त्याच्याही आधी वऱ्हाडाचा दिवस.

गाडी चालवणाऱ्या कामगाराने किती तास राबावं याचं प्रमाण आपल्याकडे १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानेच घालून दिलं. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, त्यानंतर किमान अर्धा तास विश्रांती. आणि विश्रांती धरून दिवसाचा पसारा बारा तासांच्या आत. हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता, त्यामुळे एक-दोन गाड्यांचा मालक त्यातून निसटत असे. मान्य. पण माणसाची झोप मालकाकडे किती गाड्या आहेत यावर अवलंबून नसते. चालक किती थकला आहे हे जोखायला आपल्याला दुसरं माप नको, हेच पुरेसं आहे. सकाळी शिर्डीला पोचताना त्या मुलाचे स्टिअरिंगवरचे सहा तास होत आले होते. तिथे तो पाच-सहा तास झोपला असता तर संध्याकाळचा प्रवास बराच निर्धोक झाला असता. आठ तासांचं माप तरीही ओलांडलं गेलं असतं, म्हणून माझ्या मते १९० किलोमीटरच्या जाऊन-येऊन सहलीला दुसरा चालक हवाच. निदान परतीला तरी.

आता सहलवाल्याच्या बाजूने हिशोब. तो त्याने स्वतःच माझ्यासमोर मांडला आणि तो खोटा नव्हता. गाडीचा हप्ता, विमा, टायर, चालकाचा पगार. लग्नसराई आणि सुट्टीचे दोन-अडीच महिने हीच कमाई. पावसाळ्यात गाडी दारात उभी असते. हे सगळं मला कळतं. पण शिंगणापूरच्या फेरीत त्याला मिळाले किती? तेरा जणांचे ३,९००. डिझेल साधारण चौदा-पंधरा लिटर, म्हणजे तेराशेच्या घरात. हातात उरले सव्वीसशे. सोळा माणसांवर वाटले तर माणशी एकशे साठ-बासष्ट रुपये. त्याने आधीच सांगितलं असतं की गाडी जागेवर उभी ठेवायची आणि चालकाला झोपू द्यायचं तर माणशी दीडशे-पावणेदोनशे जास्त पडतील, तर या कुटुंबाने ते डोळे झाकून दिले असते. मी तिन्ही भावांना वेगवेगळं विचारलं. तिघांचं उत्तर एकच आलं.

स्वस्त पॅकेजमध्ये गाडीचा भाव कमी दिसतो, कारण चालकाची झोप परस्पर विकलेली असते. ती विकली गेली आहे हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही आणि चालकाला कोणी विचारत नाही.

शिंगणापूरच्या त्या तेरा भाविकांचाही विचार करावासा वाटतो. सहलीच्या गाडीचा परवाना एका गटाने ठरवून न्यायचा असतो. वाटेत सुटे प्रवासी भरून माणशी भाडं घ्यायची मुभा त्यात नसते, ते काम एसटीसारख्या टप्पा वाहतुकीचं. तसं करताना अपघात झाला तर विम्याचा दावा वादात सापडू शकतो. म्हणजे एका झोप न झालेल्या मुलाच्या भरवशावर त्या दिवशी दोन गट होते आणि दुसऱ्या गटाला तर पहिल्याची खबरही नव्हती.

तक्रार आणि तोडगा

मागणी आम्ही मोजकी ठेवली. लॉजच्या तीन खोल्यांचे ४,२००, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता मिळून १,९००, असे ६,१०० रुपये जादा खर्चाचे. त्याखेरीज नानी पार्कात गेल्याच नाहीत, तर त्यांच्या प्रवेशाचे पैसे परत. मनस्तापाची रक्कम घालावी असा जिभाऊंचा आग्रह होता. मी नको म्हटलं. पावत्या आणि पुरावे असलेली रक्कम नाकारायला समोरच्याला जड जाते, हा माझा अनुभव आहे.

पुराव्यात तीन गोष्टी होत्या. “दिवसभर गाडी आपलीच” हा मेसेज, सहलवाल्याच्याच नंबरवरून आलेला. मीटरचे फोटो, वेळेसकट. आणि लॉजची पावती. पत्रात आम्ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार घेतला: जे कबूल केलं ते दिलं नाही ही सेवेतली त्रुटी, आणि जाहिरातीत एक सांगून वेगळं करणं ही दिशाभूल. या कायद्यामुळे ग्राहकाला तक्रार स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दाखल करता येते. सहलवाला धुळ्याचा असला तरी कुटुंबाला जळगावच्या आयोगाकडे जाता आलं असतं. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी नोंद करता येते. हे सगळं पत्रात सरळ लिहिलं आणि पंधरा दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टाने पाठवलं.

मुदत संपायच्या आत सहलवाला स्वतः अमळनेरात आला. तो चिडलेला नव्हता, घाबरलेलाही नव्हता. मीटरचे फोटो बघून मात्र गप्प झाला. ६,१०० त्याने दिले, पावती घेतली. नानींच्या प्रवेशाचे पैसे नाकारले. तिकिटं एकगठ्ठा काढली होती, असं त्याचं म्हणणं. त्यावर आम्ही ताणलं नाही, पण मला ते पटलेलं नाही. म्हातारी माणसं, गरोदर बाई, तान्हं लेकरू असं कोणी ना कोणी प्रत्येक खान्देशी कुटुंबात असतंच. त्यांच्यासाठी फक्त गाडी आणि जेवणाचा वेगळा दर सांगणं सहलवाल्याला अवघड नाही. ठरवतानाच “पाण्यात न उतरणारे किती” असं विचारलं की झालं.

मधल्या सुनेने तेव्हाच पुढच्या सहलीसाठी काय लिहून घ्यायचं हे ठरवून टाकलं. ती बोलत होती, मी लिहीत होते. गाडीचा नंबर आदल्या दिवशी मेसेजवर आला पाहिजे आणि पाटी पिवळी पाहिजे. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीत भाडं देऊन बसायचं नाही. चालक आदल्या रात्री कुठे होता हे विचारायचं, आणि रात्री अकरानंतर तो कामावरून आला असेल तर निघायची वेळ पुढे ढकलायची, मग पार्कात दोन तास कमी मिळाले तरी चालतील. गाडी पोचल्यापासून निघेपर्यंत पार्किंगमधून हलणार नाही, हे शब्द मेसेजमध्ये हवेत. परतीला अमुक वाजेपर्यंत गाडी आली नाही तर जेवण-मुक्कामाचा खर्च सहलवाल्याचा. आणि पूर्ण पैसे आधी द्यायचे नाहीत, निदान चौथा हिस्सा घरी पोचल्यावर.

औषधांची पिशवी माणसाच्या खांद्यावर, गाडीच्या रॅकवर नाही, हे मी तिच्या यादीत घातलं.

शेवटची एक अट तिची होती आणि ती मला सुचली नसती: चालकाचं जेवण आणि भत्ता किती, हे गिऱ्हाइकासमोर ठरलं पाहिजे. त्या शनिवारच्या रात्रीच्या मुक्कामाचा भत्ता साक्रीच्या मुलाला द्या असं तिने सहलवाल्याला माझ्यासमोर सांगितलं. त्याने तोंडी कबूल केलं. पण ६,१०० च्या पावतीवर त्याची नोंद नाही. चालकाचा नंबर तिच्याकडे आहे. पैसे मिळाले का ते ती त्याला विचारणार आहे, आणि मिळाले नसतील तर आमचं दुसरं पत्र तयार आहे.